रुमाल टाकलेली फाईल

आमच्याकडं एसटीत जागा धरायची एक रीत आहे. बस अजून फलाटाला लागलेली नसते, वळण घेत असते, तेवढ्यात खिडकीतून रुमाल आत टाकायचा. रुमाल नसला तर पिशवी, पिशवी नसली तर टोपी. मुखेडच्या स्टँडवर एका बाईनं खिडकीतून चक्क लेकरू आत सोडलेलं मी माझ्या डोळ्यानं पाहिलंय, आणि ते लेकरूही सीटवर मांडी घालून बसलं, जसं काही रोजचंच काम. ज्याचा रुमाल त्याची सीट. मग तो गडी खुशाल उसाचा रस पिऊन येवो, कुणाची बिशाद नाही तो रुमाल उचलायची. उचललाच कुणी, तर नांदेडपर्यंतचा सगळा रस्ता भांडणात जातो.

हे सांगायचं कारण, लातुरात मी ज्या क्लासमध्ये नोकरी करते तिथली मंडळी कॉम्प्युटरवरच्या फायलीसुद्धा अशाच धरतात.

माझं काम क्लासचा सर्व्हर सांभाळायचं. जिन्याखालच्या खोलीत तो एक डबा चोवीस तास घूं घूं करत असतो. शिक्षकांच्या आणि टायपिंगच्या पोरींच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये काही म्हणजे काही राहत नाही, सगळ्या फायली ह्या डब्यात. कुणी कुठल्याही टेबलावर बसून आपली फाईल उघडावी, काम करावं, जावं. फक्त एक आहे, एकानं फाईल उघडलेली असली की दुसऱ्याला ती वाचता येते, पण तिच्यात लिहिता येत नाही. ही गोष्ट मी एकदा चहाच्या वेळी सहज सांगितली. सांगितली आणि पस्तावले. दुसऱ्या दिवसापासून जो तो सकाळी आला की आपली फाईल उघडायचा आणि नाष्ट्याला निघून जायचा.

त्यात सगळ्यात पक्के आमचे फिजिक्सचे सर. सर मूळ नांदेडचे. तिथल्या कॉलेजातून रिटायर झाले आणि आमच्या क्लासला आले, त्यालाही आता कैक वर्षं झाली. सोमवारी सकाळच्या बसनं येणार, शनिवारी दुपारच्या बसनं जाणार, मधल्या दिवसांत क्लासच्या मागच्या खोलीत राहणार. मुलांना शिकवून झालं की बाकीचा वेळ एकच उद्योग, प्रश्नसंचाची फाईल. लातुरात क्लास चालतो तो शिक्षकांवर आणि प्रश्नसंचावर. सरांनी एकेक गणित स्वतः रचलेलं, सोडवलेलं, मुलं नेमकी कुठं घसरतात ते खाली लिहिलेलं. दोन बोटांनी टाइप करायचे, पण स्वतः करायचे. पोरींना द्यायचे नाहीत. म्हणायचे, ‘त्या माझं गणित सुधारून टाकतात.’

ही फाईल सर एकदा उघडत आणि मग बंद करायचं नावच नाही. शनिवारी गावाला जातानाही फक्त स्क्रीन बंद.

‘सर, फाईल बंद करत जा हो,’ मी रोज ओरडायचे.

‘राहू दे ताई. रुमाल टाकून ठेवलाय.’

‘अहो, कोण बसणार आहे तुमच्या सीटवर?’

‘बसत नाही कुणी. पण रुमाल असला की बरं वाटतं.’

आता काय बोलणार अशा माणसाला!

दुसऱ्या आमच्या ऑफिसच्या मॅडम. कामाला वाघ. पण त्यांना एक खोड, आवरायची. दिवाळीत माणूस घर आवरतो, ह्या बारा महिने आवरतात. टेबलं झाली, कपाटं झाली, मग एक दिवस त्यांना सर्व्हरवरचे फोल्डर दिसले. तेव्हापासून आमच्या नशिबी शांती नाही. फिजिक्सचं उचलून ‘अकरावी-बारावी’त, अकरावी-बारावीचं उचलून ‘चालू वर्ष’मध्ये, आणि चालू वर्षाचं ‘आवरलेले’ नावाच्या फोल्डरात. ‘आवरलेले’च्या आत ‘आवरलेले नवीन’. विचारलं की म्हणणार, ‘कसं बैजवार दिसायलंय बघा की!’ दिसायला बैजवार खरंच, सापडायला मात्र काही नाही.

सुरुवातीला ह्या आवरण्यानं मला रडकुंडीला आणलं होतं. कारण सर्व्हर मी ज्याच्याकडून हातात घेतला त्यानं त्यात एक जुनी सेटिंग ठेवलेली. सर्व्हर फाईलला नावानं ओळखत नाही. प्रत्येक फाईलला आत एक नंबर असतो. आपण फाईल उघडली की सर्व्हर आपल्या कॉम्प्युटरच्या हातात एक बिल्ला देतो, त्यावर तो नंबर. पुढचं सगळं लिहिणं-वाचणं त्या बिल्ल्यावर. पण ह्या जुन्या सेटिंगमध्ये बिल्ल्यावर नंबराच्या जोडीला फाईल कुठल्या फोल्डरातली तेही लिहिलेलं असायचं, आणि सर्व्हर दर वेळी दोन्ही ताडून बघायचा. चावडीवर बसलेला म्हातारा जसा, नुसतं नाव सांगून भागत नाही, कुणाचा, कुठल्या आळीचा, सगळं विचारणार. मॅडमनी फाईल हलवली की फोल्डर जुळायचं नाही, आणि सर्व्हर म्हणायचा, हा बिल्ला शिळा झाला, निघा. टायपिंगच्या पोरी पळत यायच्या, ‘ताई, माझी फाईल शिळी झाली वो!’ जसं काही वरण विटलंय. शेवटी मी ती सेटिंगच काढून टाकली. आता सर्व्हर फक्त नंबर बघतो. फाईल ह्या फोल्डरातून त्या फोल्डरात गेली, नाव बदललं, तरी ज्याच्या हातात बिल्ला आहे त्याचं काम चालू राहतं. त्याला कळतसुद्धा नाही की आपली फाईल घर बदलून बसलीय.

ते कळत नाही, ह्यातूनच पुढचं सगळं झालं.

मे महिना सरत आला होता. नव्या वर्षाचा प्रश्नसंच छापायला जायचा होता. तेवढ्यात आमच्या गणिताच्या सरांनी बातमी आणली, की फिजिक्सचे सर नांदेडच्या स्टँडवर समोरच्या क्लासच्या मालकाबरोबर चहा पीत होते. समोरचा क्लास म्हणजे खरोखर समोरचा, आमच्या गॅलरीतून त्यांचा फळा दिसतो. दुसऱ्या गावात चहा म्हणजे चहा असतो. लातुरात एका क्लासच्या शिक्षकानं दुसऱ्या क्लासच्या मालकाबरोबर चहा प्यायला तर तो साखरपुडाच. दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांना माहीत होतं, फक्त सरांना सोडून. मी सरळ त्यांना विचारलं. सर हसले. म्हणाले, ‘अगं, तो माझा नांदेडचा विद्यार्थी. बसला उशीर होता, त्यानं चहा पाजला. पैसेसुद्धा त्यालाच देऊ दिले. मास्तर म्हणून एवढा तरी हक्क हाय का न्हाई?’

मला पटलं. पण मला पटून उपयोग नव्हता. पटायला पाहिजे होतं ते साहेबांना.

साहेब म्हणजे आमच्या क्लासचे मालक. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. पत्र्याच्या शेडमध्ये पाच-पंचवीस लेकरं घेऊन सुरू केलेला क्लास त्यांनी इथवर आणला. मध्यंतरी केमिस्ट्रीचा एक शिक्षक नोट्स घेऊन रातोरात दुसरीकडं गेला, त्याच्यामागं अर्धी बॅच गेली, आणि साहेबांना ते वर्ष फार जड गेलं. तेव्हापासून कुणी नुसती पिशवी बदलली तरी साहेब दोनदा वळून बघतात.

आठवड्याच्या मधला वार होता. मॅडम भाचीच्या लग्नाला मुरुडला गेलेल्या. साहेबांनी छपाईला द्यायला म्हणून फिजिक्सचं फोल्डर उघडलं आणि मला हाक मारली. आवाज असा, की मी डबा तसाच टाकून गेले.

‘ताई, फाईल कुठाय?’

बघितलं. फोल्डरात फाईल नव्हती. कचऱ्याच्या फोल्डरात बघितलं, तिथंही नाही. साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते तडक सरांच्या टेबलाकडं निघाले, मी मागं.

सर टाइप करत होते. स्क्रीनवर फाईल उघडी.

‘हे बघा!’ साहेब ओरडले. ‘फोल्डरात न्हाई आणि ह्यांच्याकडं हाय!’

सरांनी चष्मा वर केला. ‘काय झालं?’

‘प्रश्नसंच कुठं हाय, सर?’

‘हा काय, इथंच तर हाय. काम करून राहिलो ना.’

‘इथं म्हणजे तुमच्याकडं! सर्व्हरवर कामून न्हाई मग?’

त्या बिचाऱ्याला काही कळेना. त्यांच्या दृष्टीनं फाईल सोमवारपासून जिथं होती तिथंच होती. ते सेव्ह करत होते, सेव्ह होत होती. आणि ते जितकं शांतपणे ‘इथंच हाय’ म्हणत होते, तितका साहेबांचा संशय पक्का होत होता. मी म्हणाले, ‘साहेब, सरांच्या कॉम्प्युटरमध्ये काही राहतच नाही, सगळं…’

‘तुम्ही मधे पडू नका, ताई!’

मला असा राग आला म्हणून सांगू! ह्या माणसाला सर्व्हर बंद पडला की ताई लागते, आणि आता ताईनं मधे पडायचं नाही. पण त्यांनी वॉचमनला बोलावलं होतं आणि सगळा स्टाफ दारात जमला होता. साहेब वॉचमनला म्हणाले, ‘सरांची बॅग बघ.’

वॉचमन जागचा हलेना. त्याच्या पोराची फी सरांनीच शब्द टाकून कमी करून घेतलेली. तो जमिनीकडं बघत उभा राहिला.

मग सर स्वतः उठले. बॅग टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू काढून मांडायला लागले, प्रयोगशाळेत सामान मांडावं तशी. डब्यात बायकोनं दिलेले धपाटे. पंचा. बीपीच्या गोळ्या. दोन लाल पेन. आणि तळाशी एक पेनड्राईव्ह.

तो पेनड्राईव्ह निघाला आणि दारातले सगळे आत सरकले. क्षणभर मलाही शंका आली.

‘लावा,’ साहेब म्हणाले.

लावला. आत एकच फाईल होती, व्हिडिओ. सरांची नात शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचत होती. डोक्याला मोराचा तुरा, तो सारखा डोळ्यावर येतोय आणि ती एका हातानं तो मागं ढकलत नाचतेय. नाच संपेपर्यंत कुणी हललं नाही. साहेबांनीही पूर्ण बघितला, मधे बंद कसा करायचा हे बहुतेक त्यांना सुचेना. नाच संपला. सर म्हणाले, ‘पहिला नंबर आला तिचा,’ आणि पेनड्राईव्ह काढून खिशात ठेवला.

खरं तर तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण साहेबांना थांबता येईना, कारण फाईल अजून सापडलेली नव्हती.

मी मॅडमना फोन लावला. पलीकडं बँडचा दणका.

‘मॅडम, फिजिक्सची फाईल हलवली का तुम्ही?’

‘काय?’

‘फाईल! हलवली का?’

‘छे छे! मी कशाला हलवू? मी फक्त आवरलं!’

‘आवरून कुठं ठेवली?’

‘जिथं असायला पाहिजे तिथं! अवो, अक्षता पडायल्यात, ठेवा!’

फोन बंद. मी कपाळावर हात मारला. पण निदान एवढं कळलं की आवरलंय. जीव थोडा भांड्यात पडला. पूर्ण नाही, कारण सर्व्हरला डिस्क दोन आहेत. एकाच डिस्कवर फाईल इकडची तिकडं केली तर नंबर तोच राहतो. दुसऱ्या डिस्कवर नेली तर मात्र तिथं नवी फाईल बनते, नवा नंबर घेते, आणि जुनी बाद होते. तसं झालं असतं तर सरांच्या स्क्रीनवर केव्हाच शिळीचा बोर्ड लागला असता. लागला नव्हता. म्हणजे फाईल जिवंत होती आणि त्याच डिस्कवर कुठंतरी मॅडमच्या मायेखाली झोपलेली होती.

त्याच खोलीतल्या माझ्या कॉम्प्युटरवर मी सरांच्या बिल्ल्यावरचा नंबर काढला आणि सर्व्हरला सांगितलं, नाव बघू नको, फोल्डर बघू नको, ह्या नंबरची फाईल शोध. तो शोधत असताना सगळे माझ्या पाठीशी उभे. मला मेलीला घाम फुटलेला. आली! ‘आवरलेले’, त्यात ‘आवरलेले नवीन’, त्यात ‘छपाईसाठी तयार’. नाव पण बदललेलं. छपाईची फाईल छपाईच्या फोल्डरात ठेवायचं शहाणपण त्या बाईनं केलं होतं, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

‘ही बघा फाईल,’ मी म्हणाले.

साहेबांनी बघितली. आणि म्हणाले, ‘ही कॉपी असंल. खरी ह्यांच्याकडं, कॉपी हिकडं.’

आता मात्र माझा तोल गेला. ‘साहेब, मी मुखेडची. लग्नात ताटातल्या तांदळावर माझं नवं नाव लिहिलं, आडनाव बदललं, घर बदललं. तरी बँकेत अंगठा लावते तेव्हा मशीन मलाच ओळखती ना? का म्हणती, ही मुखेडवालीची कॉपी हाय?’

पोरी फिसकन हसल्या. साहेब हसले नाहीत.

‘हा नंबर म्हणजे तिचा अंगठा,’ मी म्हणाले. ‘दोन फायलींना एक नंबर नसतो. सरांच्या समोर हाय तीच ही. पटत नसंल तर सरांना काहीतरी टाइप करू द्या. सेव्ह केलं की इथं दिसंल.’ आमचा टायपिंगचा प्रोग्रॅम जुना आहे ते एक बरं. नवे प्रोग्रॅम सेव्ह करताना जुनी फाईल टाकून दुसरी करतात, आमचा एकदा हातात धरलेली फाईल सोडत नाही, तिच्यातच लिहितो.

साहेब माझ्या कॉम्प्युटरपाशी बसले. सर पलीकडच्या भिंतीशी, आपल्या टेबलावर. ‘काय लिहू?’ सरांनी विचारलं.

‘काहीबी लिहा सर,’ मी म्हणाले.

सरांनी थोडा विचार केला. मग दोन बोटांनी टाइप करायला लागले. बराच वेळ टकटक चालली होती. मला वाटलं, एवढं काय लिहितायत, ‘नमस्कार’ लिहिलं असतं तरी भागलं असतं. मग म्हणाले, ‘केलं सेव्ह.’

मी साहेबांच्या समोर ‘छपाईसाठी तयार’मधली फाईल नव्यानं उघडली आणि शेवटच्या पानावर गेले. शेवटच्या गणिताच्या खाली, सरांच्या नेहमीच्या पद्धतीनं, पुढचा क्रमांक टाकून एक नवा प्रश्न होता.

‘एक वस्तू अनेक वर्षे एकाच खुर्चीवर स्थिर आहे. निरीक्षकास ती वस्तू पळून जात असल्याचे दिसते. तर गतीमध्ये कोण आहे? कारणासह स्पष्ट करा.’

मला आधी हसूच आलं. मग सरांकडं बघितलं, आणि हसू गेलं. साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागून दिसत होत्या. ‘बरं, सापडली फाईल,’ एवढंच म्हणाले आणि उठून केबिनमध्ये गेले. जाताना सरांच्या टेबलापाशी क्षणभर घुटमळले, पण तिथं दारात सगळे उभे होते आणि साहेबांना सगळ्यांच्या देखत बोलणं जमलं नाही. बॅग मात्र सगळ्यांच्या देखत उघडायला लावली होती. सर धपाट्यांचा डबा परत बॅगेत भरत होते. मी म्हणाले, ‘सर, साहेबांच्या मनात तसं नव्हतं.’

‘असंल,’ सर म्हणाले. ‘फाईल कुठं गेली ते त्यांनी सर्व्हरला विचारलं, मॅडमला विचारलं, वॉचमनला विचारलं. बॅगलासुद्धा विचारलं. मला बसून विचारलं असतं तर मी पण सांगितलं असतं ना ताई, मला काय माहीत हाय अन् काय न्हाई ते.’

एवढंच. न आवाज चढवला, न तक्रार. प्रश्नसंच वेळेवर छापायला गेला. तो शेवटचा प्रश्न मी काढू का म्हणून साहेबांना विचारलं, तर म्हणाले, छापताना काढा, फाईलमध्ये राहू द्या. मॅडम लग्नाहून बुंदी घेऊन आल्या. त्यांना सगळं कळल्यावर त्या सरांसमोर रडल्या. सर त्यांना म्हणाले, ‘तुम्ही कामून रडायलात? तुम्ही तर नीटच ठेवली होती.’ मॅडमनी त्यानंतर पुरे दोन आठवडे काही आवरलं नाही.

आणि जूनमध्ये, नव्या बॅच सुरू व्हायच्या आधी, सर समोरच्या क्लासला गेले. खरोखर गेले. चहा पाजताना ‘आमच्याकडं या’ म्हणायचं ज्याला धाडस झालं नव्हतं, त्या विद्यार्थ्याला म्हणे त्यांनी स्वतः फोन केला. जाताना काय काय नेलं ते साहेबांनी मला तपासायला लावलं. मी तपासलं. काही म्हणजे काही नेलेलं नव्हतं. फाईल तशीच, नंबर तोच, सरांनी कष्टानं जमवलेलं एकेक गणित जागेवर.

परवा दुपारी साहेब माझ्या टेबलापाशी आले. खुर्ची ओढून बसले, असं ते कधी बसत नाहीत. मग म्हणाले, ‘ताई, ती फाईल काढा बरं. त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचंय. सरांना दाखवता आलं तर बघू.’

मला गलबलून आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. गॅलरीचं दार उघडं होतं. समोरच्या खिडकीत सर पाठमोरे उभे राहून फळ्यावर काहीतरी काढत होते.

‘फाईल काढून देते, साहेब,’ मी म्हणाले. ‘ती कुठंबी जाऊ दे, मी शोधून देते. पण सरांसाठी तुम्हालाच रस्ता ओलांडावा लागंल.’

साहेब उठून गॅलरीत गेले, खाली रस्त्याकडं बघितलं. मग केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.